टोबा: पाणी लगेच दिसतं, विवर दिसायला वेळ लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्वालालंपूरहून इंडोनेशियातल्या मेदानला उतरणार, हाताशी तीन रात्री, सोबत बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांची शाकाहारी आई. टोबा हे ज्वालामुखीच्या खड्ड्यात झालेलं तळं मेदानहून सकाळी निघून रात्री परत असं एका दिवसात होईल का? लोणारसारखं काठावर उभं राहून अख्खं विवर बघता येईल का? आणि ज्वालामुखीच्या पोटात आईला न्यावं का?

मी बरीच वर्षं कॉलेजात भूविज्ञान शिकवायचे, आता छोटे गट घेऊन अशा ठिकाणी जाते. सुमात्राच्या या तळ्यावर पाच वेळा गेले आहे आणि पहिल्या वेळी नेमकी तुमच्या बेतासारखीच चूक केली होती. मेदानहून पहाटे निघालो, पाच तास गाडीत काढले, तळ्याकाठच्या पारापातला पोचलो तर धुकं आणि रिमझिम. समोर राखाडी पाणी, पलीकडे पुसटशी एक डोंगररेघ. गटातले एक काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे आमच्या उजनीच्या बॅकवॉटरसारखंच आहे की." मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. त्या जागेवरून ते तसंच दिसतं.

म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. लोणार हे उल्कापाताचं विवर, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. एका नजरेत मावतं. टोबाचं तळं सुमारे १०० किलोमीटर लांब, ३० किलोमीटर रुंद आणि ५०० मीटरच्या आसपास खोल आहे. मध्ये सामोसिर नावाचा भूभाग आहे, तो एकटाच मुंबई शहर-उपनगरांएवढा भरतो. इतकी मोठी वाटी तिच्या तळाशी उभं राहून वाटी वाटतच नाही, वाटते दरी किंवा समुद्राची खाडी. पारापात तळाशी आहे. एका दिवसात तुम्ही तळाशी जाऊन तळातूनच परत याल.

याचं कारण तळं कसं झालं त्यात आहे. ज्वालामुखी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकाला भोक येतं. टोबाला असा शंकू नाही. जमिनीखाली शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, प्रचंड साठा होता, तो सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी एका उद्रेकात बाहेर पडला. साधारण २,८०० घन किलोमीटर हा त्याचा नेहमी दिला जाणारा अंदाज. १८८३च्या क्राकाताउ ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या शंभरपटीहून जास्त. खालचा आधार गेल्यावर वरचं छप्परच खचलं. या खचलेल्या खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात, आणि तो पुढे पावसाच्या आणि ओढ्यांच्या पाण्याने भरला. गंमत याच्या पुढे आहे. खाली उरलेल्या शिलारसाने तळाला पुन्हा हळूहळू वर ढकललं आणि तळ्याचा तळच पाण्याबाहेर आला. तोच सामोसिर. तिथे पाण्याच्या पातळीपासून शेकडो मीटर उंचावर, शेताच्या बांधाला, तळ्याच्या गाळाचे पातळ थर दिसतात, वहीची पानं एकावर एक रचावीत तसे. तुम्ही सामोसिरवर हॉटेलात झोपता तेव्हा जुन्या तळ्याच्या तळावर झोपलेले असता.

या राखेशी आपला संबंधही जवळचा आहे. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीय राखेचा थर आहे, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तो प्रकाशात आणला. ती टोबाचीच, पण कोणत्या उद्रेकातली यावर पुढे बराच वाद झाला, कारण टोबाचे याआधीही मोठे उद्रेक झाले होते. तिकडचे गाइड तुम्हाला हमखास सांगतील की त्या उद्रेकाने माणूसजात नामशेष व्हायची वेळ आली होती. ऐकून घ्या, पण आंध्रातल्या ज्वालापुरमला याच राखेच्या थराच्या खाली आणि वर सारखीच दगडी हत्यारं सापडली आहेत. तिथली माणसं बहुधा तग धरून राहिली.

आता धोक्याचं. "कॅल्डेरातलं तळं सुरक्षित आहे का" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, तळ्यागणिक ते बदलतं. फिलिपिन्समधल्या तालच्या तळ्यातल्या बेटावरचा ज्वालामुखी जानेवारी २०२० मध्ये फुटला आणि ते बेट कायमचं धोक्याचं क्षेत्र आहे; तिथे आईला मी नेणार नाही, स्वतःही जाणार नाही. बालीतल्या बातुर तळ्याच्या शेजारी जागृत ज्वालामुखीचा शंकू उभा आहे. टोबाचा मात्र इतिहासकाळात उद्रेक झाल्याची नोंद नाही. खाली उष्णता आहे, पुसुक बुहित डोंगराच्या पायथ्याला गंधकाचा वास येणारे गरम झरे आहेत, पण तुमच्या तीन रात्रींसाठी ती चिंता करायची गोष्ट नव्हे. लोक गल्लत करतात ती सिनाबुंगशी. तो वेगळा ज्वालामुखी, तळ्याच्या उत्तरेला ब्रास्तागी गावाजवळ. सुमारे चारशे वर्षं शांत राहून २०१०मध्ये तो जागा झाला आणि पुढची दहा वर्षं अधूनमधून राख फेकत राहिला. तुमची वाट ब्रास्तागीवरून जाणार असेल तर निघण्याच्या आठवड्यात त्याची बातमी बघा. तो जागा असेल तर ब्रास्तागी वगळून थेट पारापात गाठा, बाकी बेत तसाच राहतो.

खरा धोका पाण्यावर आहे, आणि तो कुणी विचारत नाही. १८ जून २०१८ रोजी, ईदच्या सुट्टीत, सामोसिरच्या सिमानिंदोहून पलीकडे निघालेली एक प्रवासी बोट उलटली. क्षमतेच्या कितीतरी पट माणसं आणि वर मोटरसायकली चढवल्या होत्या. १६० हून अधिक माणसं सापडलीच नाहीत. बोट ४५० मीटर खोल पाण्यात पडली होती. त्यानंतर तपासणी वाढली हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी एका बोटवाल्याने माझ्या अकरा जणांना आधीच भरलेल्या बोटीत "सरका, सरका" करत घ्यायचा प्रयत्न केला. आम्ही उतरलो, तासभर धक्क्यावर बसलो, पुढची बोट घेतली. गटातले दोघे माझ्यावर रुसले होते. रुसू द्या. नियम साधा ठेवा: सगळ्यांना बसायला जागा आणि हाताला लाइफ जॅकेट लागलं पाहिजे, नाहीतर चढायचं नाही. शक्यतो सकाळी पार व्हा. दुपारनंतर वारा उठतो आणि एवढ्या रुंद पाण्यावर लाटा चांगल्याच वाढतात.

आईंच्या दृष्टीने अजून एक गोष्ट. पारापातच्या तिगाराजा धक्क्यावरून सामोसिरवरच्या तुकतुकला जाणाऱ्या लाकडी प्रवासी बोटी छान असतात, पाऊण-एक तासात थेट हॉटेलच्या स्वतःच्या धक्क्यावर सोडतात. पण उतरताना हलत्या बोटीतून फळीवर पाय टाकावा लागतो आणि पुढे ओल्या पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर हे नको. पारापातजवळच्या अजिबाताहून गाड्या नेणारी मोठी फेरी सुटते, गाडी घेऊनच चढायचं, सामोसिरवर तोमोक किंवा अंबारिताला गाडीतूनच उतरायचं. गर्दीच्या सुट्टीत या फेरीला रांग लागते, एवढंच.

आणि बोटच नको असेल तर तीही सोय आहे, बहुतेकांना माहीत नसते. सामोसिर हे मुळात बेट नव्हतंच. पश्चिमेला पांगुरुरानजवळ ते एका चिंचोळ्या पट्टीने मुख्य जमिनीला जोडलेलं होतं. डचांच्या काळात ती पट्टी कापून कालवा काढला आणि ते बेट झालं. तिथे आता चांगला रुंद पूल आहे. म्हणजे तेलेहून रस्त्याने थेट सामोसिरवर येता येतं.

हा तेलेचा रस्ता मी मुद्दाम सांगते आहे, कारण विवर बघण्याची माझी सगळ्यात आवडती जागा तीच. तेले कॅल्डेराच्या काठावर आहे. तिथल्या मनोऱ्यावरून खाली पाणी, पुसुक बुहितचा डोंगर आणि सामोसिरची तिरकी पाठ एकत्र दिसते. मग रस्ता वळणं घेत काठाच्या भिंतीवरूनच खाली उतरतो. दर वळणावर पाणी थोडं वर येतं. उजनीवाल्या काकांना मी पुढच्या वेळी इथे आणलं. ते काही बोलले नाहीत, फक्त गाडी दोनदा थांबवायला लावली.

तुमच्या मुलासाठी एक काम. या भागात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत पांढरट, भुरभुरीत दगड दिसेल. गाडी सुरक्षित जागी थांबवून, दरडीच्या अगदी खाली न जाता, पायाशी पडलेला एक तुकडा उचला. हातात घेताच तो अपेक्षेपेक्षा हलका लागतो, कारण आत बुडबुडेच बुडबुडे असतात. उन्हात फिरवला की काळे चपटे कण चमकतात, ते कृष्णाभ्रक. मध्येमध्ये काचेसारखे क्वार्ट्झचे दाणे. बोटांत चुरगळला की रांगोळीसारखी खरखर लागते. हा प्युमिस. पाण्याच्या ग्लासात टाकला की थोडा वेळ तरी तरंगतो. डोळे मात्र चोळू देऊ नका, ती धूळ म्हणजे बारीक काचच आहे. आणि एखादा खडा बघून तिथेच ठेवलेला बरा. टोबा २०२०पासून युनेस्कोचं जागतिक भूउद्यान आहे, पिशव्या भरून आणायची जागा नाही.

तर माझ्या मते तीनही रात्री टोबाला द्या, मेदान फक्त येण्यापुरतं. नियम एकच: तळ्याला आधी काठावरून भेटायचं, मग पाण्यात उतरायचं आणि बाहेर पडताना पुन्हा वेगळ्या काठावरून जायचं. पहिल्या दिवशी कुआलानामू विमानतळावरून ब्रास्तागी; ते तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सिपिसो-पिसो धबधबा. हा पठाराच्या कडेतून बाहेर पडून १२० मीटर खाली कोसळतो, आणि ती कड म्हणजेच कॅल्डेराचा उत्तरेकडचा काठ. धबधबा आणि तळ्याचं टोक एकाच चौकटीत येतं. खाली जायला शेकडो पायऱ्या आहेत. आई वर बाकावर चहा घेतील, मुलगा तुम्हाला खाली ओढेल. अर्ध्यावरून परत फिरलात तरी काही बिघडत नाही. तिथून सिमारजारुंजुंगच्या वाटेने काठाकाठाने पारापातकडे, आणि वेळ राहिला तर फेरी. अंधार पडत आला असेल तर फेरीचा हट्ट सोडा, पारापातलाच मुक्काम करा. तिसरा दिवस सामोसिरवर.

चौथ्या दिवशी बाहेर पडताना पांगुरुरान, पूल, तेले आणि तिथून सिलांगित विमानतळ. तिथून जकार्ताला थेट विमान मिळतं. पण हे तुमच्या परतीच्या तिकिटावर अवलंबून आहे. परतीचं विमान मेदानहूनच असेल तर त्याच दिवशी तेलेमार्गे मेदान गाठायचा अट्टहास नको, फार लांब पडतं. मग तिसऱ्या दिवशीच सामोसिरवरून तेलेला वर जाऊन परत या, आणि चौथ्या दिवशी पारापातवरून मोठ्या रस्त्याने निघा. विमान संध्याकाळचं घ्या. चार-पाच तास हा रस्ता नीट असतानाचा हिशेब आहे, एखादा ट्रक आडवा झाला की तो कोलमडतो.

सामोसिरवर काय बघायचं याची यादी कुठेही मिळेल, म्हणून दोनच गोष्टी सांगते. अंबारिताला सियाल्लागान वाडीत दगडी आसनांचा गोल आहे, जुन्या बाताक राजांची न्यायसभा. तिथले गाइड गुन्हेगाराला शिक्षा कशी होई, त्याचं मांस कसं खाल्लं जाई, हे साभिनय सांगतात. अकरा वर्षांचा मुलगा खूश होईल, आईंना कदाचित नको वाटेल. आधी कल्पना द्या. दुसरं, तिथल्या शेतांत घरासारख्या नक्षीदार छपरांच्या छोट्या इमारती दिसतील. त्या कबरी आहेत, कुळाच्या. फोटोसाठी त्यांच्या पायऱ्यांवर बसू नका. बाताक लोक बहुसंख्य ख्रिस्ती आहेत, रविवारी सकाळी बरंचसं बंद असतं आणि चर्चमधून चार सुरांत गाणं ऐकू येतं. ओळख झाली की लोक तुमचा "मार्गा" विचारतील, म्हणजे कूळ. एका मार्गात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखंच. आई या विषयावर छान गप्पा मारू शकतील, दुभाषा तुम्ही व्हा. भेटल्यावर नमस्कारासारखं "होरास" म्हणा.

खाण्याचं. इथे खरी तयारी लागते. बाताक जेवणात डुकराचं मांस भरपूर, काही पदार्थ रक्तात शिजवलेले. खानावळीच्या पाटीवर "बी १" किंवा "बी २" दिसलं तर ते खोलीचे क्रमांक नव्हेत: बी १ म्हणजे कुत्र्याचं मांस, बी २ म्हणजे डुकराचं. बाताक भाषेत कुत्रा "बियांग", डुक्कर "बाबी"; एका शब्दात एक "ब", दुसऱ्यात दोन, त्यावरून हा संकेत. आईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुकतुकला परदेशी पाहुण्यांची सवय असल्याने भाज्या, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, भात सहज मिळतात. अडचण लपलेल्या गोष्टींची: चटणीत "तेरासी", म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा, आणि रश्श्यात कोंबडीचं पाणी. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. "तानपा दागिंग, तानपा आयाम, तानपा इकान, तानपा तेरासी" असं चारही म्हणा: मांस नको, कोंबडी नको, मासा नको, तेरासी नको. मेदानला कांपुंग मद्रास भागात तमिळ वस्ती जुनी आहे, तिथे डोसा-भाजी मिळते. येता-जाता एक जेवण तिथे काढता येईल. मेतकूट मात्र घरून न्या.

आणि तुम्ही स्वतः मासे खात असाल तर "आर्सिक" सोडू नका. हळद घातलेला पिवळाधमक मासा, आणि त्यात "आंदालिमान" नावाचे बारीक हिरवे दाणे. पहिल्या घासाला मी चमचा खाली ठेवला, कारण वास ओळखीचा होता. तिरफळ! तीच लिंबासारखी चाहूल, त्याच जिभेला येणाऱ्या मुंग्या. दोन्ही झाडं एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं. आईंसाठी तेरासीशिवायची आंदालिमानची चटणी करून मागा, गरम भाताबरोबर त्या खूश होतील.

पोहण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुलगा विचारेल. तुकतुकच्या हॉटेलांपुढे लोक पोहतात, पाणी गोडं आणि गारसर असतं, कारण तळं समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे. पण काठापासून चार पावलांवर तळ एकदम तुटतो. लाइफ जॅकेट घालूनच उतरू दे. आणि जिथे मासे पाळायचे तरंगते पिंजरे दिसतील त्या बाजूला पाण्यात जाऊ नका. खाद्य आणि विष्ठेने तिथलं पाणी खराब असतं, काही ठिकाणी मासे टनांनी मेल्याच्या घटना झाल्या आहेत.

उरलेलं पटकन. भारतीयांना मेदानला उतरल्यावर व्हिसा मिळतो, फी ५ लाख रुपिया, तिकीट काढताना एकदा तपासून घ्या. रोख रक्कम मेदानलाच काढा. पाऊस वर्षभर कधीही येतो, जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. मात्र त्या आणि त्यापुढच्या महिन्यांत सुमात्रातल्या जंगलांच्या वणव्यांचा धूर काही वर्षी हवेत असतो आणि काठावरून काहीच दिसत नाही. काठावरची प्रत्येक जागा सकाळी नऊच्या आत गाठता येईल असं बघा.

दोन गोष्टी मला कळवा: परतीचं विमान कुठून आहे, आणि आईंना एका दमात वीस-पंचवीस पायऱ्या जमतात का. जमत असतील तर तुकतुकला पाण्याकाठची खोली घ्या, नसतील तर तोमोक-अंबारिता रस्त्यावर, जिथे गाडी दारापर्यंत जाते.